जपानमधे शाबू-शाबूच्या ताबेहोदाईला जायचंय? बुकिंगपासून शेवटच्या भातापर्यंत सगळं

टोकियोला नवीन आलेल्या आपल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. ऑफिसातल्या लोकांनी शाबू-शाबूला, म्हणजे टेबलावरच्या भांड्यात मीट-भाज्या स्वतः शिजवून खायच्या जेवणाला, बोलवलंय किंवा निशि-कासाई या टोकियोतल्या भारतीय वस्तीच्या भागातल्या आपल्याच ग्रुपने जायचं ठरवलंय, तर तिथे गेल्यावर नेमकं करायचं काय, आणि आम्ही बीफ खात नाही किंवा बरोबरचं एक माणूस व्हेज आहे, तर जमेल का? जमतं. फक्त काही गोष्टी टेबलावर बसायच्या आधी ठरवून ठेवाव्या लागतात, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

माझं एक मत आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच चालणार आहे. या जेवणातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे शेवटी भांड्यात उरलेली दाशी, म्हणजे ज्यात सगळं शिजवतात ते चवीचं पाणी. तास-दीड तास त्या पाण्यात मीट, हाकुसाई म्हणजे तो लांब चायनीज कोबी, मशरूम, टोफू असं सगळं शिजलेलं असतं आणि त्यात भात किंवा उदोन म्हणजे जाड नूडल्स घालून जे काही बनतं त्याला तोड नाही. आणि नेमकं तेच बहुतेक नवीन लोकांच्या तोंडात जात नाही, कारण पैसे वसूल करायच्या नादात पहिल्या अर्ध्या तासातच प्लेटींवर प्लेटी मागवून पोट फुटायला आलेलं असतं. तर पोटातली जागा आणि घड्याळातली मिनिटं, दोन्ही शेवटासाठी राखून ठेवायची.

आधी हे कळलं पाहिजे की आपण काय खायला चाललोय

ताबेहोदाई म्हणजे ठरलेल्या पैशात, ठरलेल्या वेळात हवं तितकं खा. वेळ बहुतेक ठिकाणी ९० ते १२० मिनिटं असते आणि लास्ट ऑर्डर त्याच्या २०-३० मिनिटं आधी बंद होते. जपानमधे बुफे पद्धत रुजली ती टोकियोच्या इंपीरियल हॉटेलने १९५८ मधे 'इंपीरियल वायकिंग' नावाचं रेस्टॉरंट काढलं तेव्हापासून, म्हणून आजही तिथे बुफेला 'बाइकिंगु' म्हणतात, बोर्डावर तो शब्द दिसला तर गोंधळू नका.

भांड्यात शिजवून खायच्या या जेवणाचे मुख्य प्रकार दोन. शाबू-शाबूमधे कागदासारखं पातळ कापलेलं मीट गरम दाशीत हलवून शिजवायचं आणि सॉसमधे बुडवून खायचं, हे नाव ओसाकाच्या सुएहिरो रेस्टॉरंटने १९५२ मधे दिलं, म्हणजे पदार्थ तसा फार जुना नाही. सुकियाकी त्याच्या आधीची, मेइजी काळातली, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, तेव्हा जपानमधे बीफ खायची पद्धत सुरू झाली होती. त्यात सोया सॉस, साखर, मिरिन (स्वयंपाकात घालायची गोड तांदळाची दारू) यांचा गोडसर दाट रस असतो आणि शिजलेला तुकडा कच्च्या फेटलेल्या अंड्यात बुडवून खातात. ताबेहोदाईच्या बऱ्याच दुकानांत भांड्याला मधे पार्टिशन असतं आणि दोन वेगळ्या दाशी घेता येतात, काही ठिकाणी चार खणांचं भांडंसुद्धा मिळतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एका खणात साधी कोंबू दाशी घ्याच. कोंबू म्हणजे समुद्री शेवाळाची वाळवलेली जाड पट्टी. दुसऱ्या खणात काय वाटेल ते घ्या, सुकियाकी, सोया मिल्क, तिखट, टोमॅटो. पण दोन्ही खणांत तिखट आणि दाट घेतलंत तर मीटची स्वतःची चव कळत नाही आणि मग शेवटचा भातही जड होतो.

दुकान कुठलं निवडायचं

स्वस्तात आणि मुलाबाळांसकट जायचं असेल तर शाबुयो, ही स्कायलार्क ग्रुपची चेन आहे. वीकडेला लंच सगळ्यात स्वस्त पडतं, भाज्या, सॉस, करी, भात, वॉफल, सॉफ्ट आइसक्रीम असं सगळं आपण उठून घ्यायचं, मीट टॅब्लेटवरून मागवायचं. बऱ्याच शाखांत मांजराच्या तोंडाचा रोबो प्लेट घेऊन येतो, त्याच्या ट्रेमधून आपली प्लेट उचलायची आणि बटण दाबून त्याला परत पाठवायचं, मुलं यावर जाम खूश असतात. थोडं निवांत बसायचं असेल तर शाबू-शाबू ओन्यासाई. शिंजुकु-शिबुयासारख्या भागात नाबेझो आणि मोमो पॅराडाइज आहेत, तिथे परदेशी लोकांची सवय असल्याने इंग्लिश मेनू मिळायची शक्यता जास्त.

किमतीचा अंदाज असा की स्वस्त चेनमधे वीकडे लंच साधारण दोन हजार येनच्या आतबाहेर, डिनर अडीच ते चार हजार, आणि वाग्यू या भारी जपानी बीफचा कोर्स असेल तर पाच हजाराच्या पुढे. ड्रिंक्स बहुतेक वेळा वेगळी. सॉफ्ट ड्रिंकचा 'ड्रिंक बार' थोड्या पैशात मिळतो, दारूसाठी 'नोमिहोदाई', म्हणजे ठरलेल्या पैशात हवं तितकं प्या, जोडून घेता येतं. पण ग्रुपमधे एकच माणूस पिणारा असेल तर आधी विचारा, काही ठिकाणी नोमिहोदाई सगळ्या टेबलाला घ्यावं लागतं.

कोर्सचंही तसंच आहे, एका टेबलावर सगळ्यांनी एकच कोर्स घ्यायचा हा नियम जवळपास सगळीकडे आहे. मला पोर्क, तुला वाग्यू असं चालत नाही. मुलांचं मात्र वेगळं, शाळेत न जाणारी लहान मुलं बऱ्याचदा फुकट आणि प्राथमिक शाळेतली अर्ध्या पैशात. म्हाताऱ्या माणसांनाही काही दुकानं सूट देतात, आईवडील भेटायला आले असतील तर विचारून बघा.

बीफ नको, पोर्क नको, काहीच नको: हे घरीच ठरवून निघा

आपल्या लोकांची खरी अडचण इथेच असते, त्यामुळे जरा थांबून सांगते.

फक्त बीफ नको असेल तर अजिबात काळजी नाही. सगळ्यात स्वस्त कोर्स बऱ्याचदा पोर्क आणि चिकनचाच असतो, बीफ वरच्या कोर्सला येतं. म्हणजे तुमचे पैसेही वाचतात. ग्रुपमधे काही जण बीफ खाणारे असतील तर पार्टिशनचं भांडं घ्या आणि पहिला तुकडा पडायच्या आधीच ठरवा की बीफ फक्त या खणात, चिमटेसुद्धा दोन मागून घ्या. जेवण अर्ध्यावर आल्यावर हे सांगणं अवघड जातं, कुणाला वाईट वाटतं, कुणी उपाशी राहतं. वेटरला सांगायचं असेल तर 'ग्यूनिकु वा ताबेमासेन', म्हणजे बीफ खात नाही. पोर्कसाठी 'बुतानिकु'.

मासे न खाणाऱ्यांसाठी जपानमधे मोठी अडचण दाशीतच असते. 'मीट खात नाही' एवढंच सांगितलंत तर समोरचा माणूस मनापासून चांगल्या हेतूने तुम्हाला कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या दाशीत भाज्या शिजवायला देईल, कारण त्याच्या हिशोबात ते मीट नाहीच. म्हणून माशाचं वेगळं विचारा: 'कोनो दाशी नि साकाना वा हाइत्ते इमासु का', या दाशीत मासा आहे का? कोंबू दाशी नावाने मिळते तिच्यातही कधीकधी माशाचा अर्क असतो, त्यामुळे सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे नुसतं गरम पाणी, 'ओयु', आणि त्यात कोंबूची पट्टी, देतील का ते विचारायचं. सॉसचं म्हणाल तर पोन्झू या आंबट सॉसमधे बऱ्याचदा बोनिटो असतो. तीळाच्या सॉसची पण चौकशी करा, नाहीतर साधा सोया सॉस, लिंबू किंवा व्हिनेगर, वरून किसलेला मुळा आणि तिखट तेल असं स्वतःच मिक्स करा, छान लागतं.

पण खरं सांगायचं तर घरातलं माणूस कडक शाकाहारी असेल, एकाच भांड्यात पलीकडच्या खणात पोर्क शिजलेलं ज्याला चालत नाही, त्याला शेअरिंगच्या भांड्याला नेऊ नका. पार्टिशनवरून उकळी इकडची तिकडे उडते. त्याच्यासाठी माणशी एक छोटं भांडं देणारी दुकानं असतात ती शोधा, तिथे सगळे एकत्रही बसतात आणि ज्याचं त्याचं भांडं वेगळं राहतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना नेगी म्हणजे लांब पातीचा कांदा टाळावा लागेल, तो भाज्यांच्या तयार प्लेटमधे असतोच, म्हणून भाज्या स्वतः निवडायच्या पद्धतीचं दुकान बरं. आणि हलाल पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पोर्क टाळलं तरी सुकियाकीच्या रसात मिरिन आणि साके ही तांदळाची दारू असू शकते, त्यांनी थेट हलाल शाबू-शाबूचं दुकान बघावं, टोकियोत तशी आहेत.

बुकिंग आणि पोचल्यावर

शुक्रवार-शनिवार संध्याकाळ आणि अख्खा डिसेंबर बुकिंगशिवाय जाऊ नका, डिसेंबरमधे ऑफिसांच्या बोनेनकाई म्हणजे वर्षअखेरच्या पार्ट्या असतात आणि थंडीत हॉटपॉटला गर्दी असतेच. दुपारी खूप भुकेल्या पोटी जायचं म्हणून सकाळपासून काही न खाणारे लोक असतात, तसं करू नका, पहिल्या पंधरा मिनिटांतच हाताबाहेर जातं. सकाळी हलकं काहीतरी खा.

टेबलावर बसल्यावर बॅग खाली बास्केटमधे, कोट शक्य असेल तर त्यात गुंडाळून ठेवा, कपड्यांना वास लागतो. कागदी एप्रन असतो, मागा आणि लाजू नका, तीळाच्या सॉसचे डाग पांढऱ्या शर्टवरून सहज जात नाहीत. वेटर येऊन कोर्स विचारतो, दाशी विचारतो आणि नियम सांगतो: वेळ किती, लास्ट ऑर्डर कधी, आणि अन्न उरवलं तर जादा पैसे. या शेवटच्या नियमाला ते खरंच गंभीरपणे घेतात. उरलेलं पार्सलही मिळत नाही. घड्याळ कधी सुरू होतं ते दुकानागणिक बदलतं, बसल्यापासून किंवा पहिल्या ऑर्डरपासून, ते विचारून फोनमधे लास्ट ऑर्डरच्या दहा मिनिटं आधीचा अलार्म लावून टाका. टॅब्लेटवर भाषा बदलायचं बटण बहुतेक कोपऱ्यात असतं.

पहिली ऑर्डर

चार माणसांना चार प्लेट मीट, एवढंच. वेगवेगळे तुकडे घ्या, पोर्क बेली, पोर्क लोइन, चिकन, बीफ खात असाल तर त्याचं एक. आवडलेलं नंतर परत मागवायला कुणाची ना नसते, ताबेहोदाईचा अर्थच तो. पुढची ऑर्डर आधीची प्लेट अर्धी संपल्यावर द्या, कारण यायला पाच-सात मिनिटं लागतात आणि मीट टेबलावर पडून राहिलं की पाणी सुटतं.

भाज्यांत हाकुसाई, मशरूमचे दोन प्रकार (एनोकी आणि शिमेजी सगळीकडे असतात), टोफू, नेगी आणि मिळाला तर शुंगिकु म्हणजे शेवंतीच्या जातीचा कडसर पाला, आपल्याला मेथीची सवय असल्याने तो पटकन आवडतो. साइड डिश, सुशी, तळलेलं चिकन, करी-भात याकडे सुरुवातीला बघूच नका. करी चांगली असते हो, पण करी-भाताने पोट भरायचं तर त्यासाठी एवढं लांब यायची गरज नव्हती.

शिजवायची पद्धत, इथे घाई नको

भांड्यात कोंबूची पट्टी असेल तर पाण्याला उकळी फुटायच्या आधी ती बाहेर काढा, उकळली की पाणी चिकट होतं आणि वास बदलतो. याच कोंबूच्या पाण्यातून किकुनाए इकेदा या टोकियोच्या प्रोफेसरांनी १९०८ मधे ग्लुटामेट नावाचं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. मीटमधे इनोसिनेट नावाचं दुसरं द्रव्य असतं आणि ही दोन एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कितीतरी पट वाढते. सुरुवातीला पाण्यासारखी लागणारी दाशी तासाभराने इतकी भरदार का होते त्याचं कारण हे आहे, आणि म्हणूनच ती दाशी सांभाळायची.

मग आधी जाड भाज्या: हाकुसाईचे पांढरे देठ, गाजर, मुळा, मशरूम. हिरवा पाला नंतर, तो अर्ध्या मिनिटात शिजतो. भांडं भाजीने गच्च भरू नका, निम्मी जागा मोकळी ठेवा, नाहीतर मीट हलवायचं कुठे?

आता मीट. आच कमी करा, पाणी धबधबा उकळत असेल तर पातळ बीफ लगेच चिवट होतं, कडेला बारीक बुडबुडे येतील इतपत ठेवा. बीफचा एक तुकडा, परत सांगते एकच, चॉपस्टिकने धरून पाण्यात पुढेमागे हलवा, दहा सेकंद, गुलाबीपणा जायला लागला की काढा. पोर्कचं तसं नाही. पोर्क पूर्ण पांढरं होईपर्यंत, कुठेही गुलाबी दिसता कामा नये, त्यासाठी आच थोडी वाढवा. जपानमधे रेस्टॉरंटमधे कच्चं पोर्क द्यायला २०१५ पासून बंदी आहे आणि सरकारी सूचना मीट आतपर्यंत ७५ अंशाला किमान १ मिनिट शिजवायची आहे. चिकनला आणखी वेळ द्या. चिकनच्या खिम्याचे गोळे, त्सुकुने, बांबूच्या अर्ध्या नळीत येतात, ते चमच्याने छोटे छोटे सोडा, वर तरंगले तरी आणखी दोन मिनिटं राहू द्या आणि पहिला गोळा फोडून बघा.

कच्च्या मीटला लावलेला चिमटा किंवा चॉपस्टिक तोंडात घालायची नाही. खायच्या चॉपस्टिक वेगळ्या, भांड्याच्या वेगळ्या. हा नियम शिष्टाचाराचा आहेच पण पोटाचाही आहे, मुलं बरोबर असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवा.

अख्खी प्लेट एकदम भांड्यात ओतणारा एक जण प्रत्येक ग्रुपमधे असतो, त्याला प्रेमाने थांबवा. पाणी एकदम गार होतं, तुकडे एकमेकांना चिकटतात, बाहेरचे चिवट आणि आतले कच्चे राहतात.

मीट शिजायला लागलं की वर करडा फेस येतो, त्याला आकु म्हणतात. टेबलावर एक जाळीचा चमचा आणि पाण्याचं छोटं भांडं ठेवलेलं असतं ते यासाठी. फेस काढायचा, चमचा पाण्यात बुडवून धुवायचा, परत काढायचा. हे काम टेबलावर एकाने अंगावर घ्या आणि मधेमधे करत राहा, दाशी स्वच्छ राहते. चरबीचे सोनेरी थेंब मात्र काढून टाकू नका, चव त्यात आहे. पाणी आटलं किंवा खारट झालं तर 'दाशी ओ ताशिते कुदासाई' म्हणा, येऊन भरून देतात.

सॉस

दोन मुख्य. पोन्झू आंबट, सोया सॉस आणि संत्र-लिंबासारख्या फळांच्या रसाचा, तो चरबीवाल्या पोर्क बेलीबरोबर. गोमा दारे तीळाचा, दाट, तो कमी चरबीच्या तुकड्यांना आणि भाज्यांना. पोन्झूत किसलेला मुळा आणि चिरलेली नेगी घाला. आपल्याला तिखट लागतंच, तर रायु म्हणजे मिरचीचं तेल गोमा दारेमधे घाला, किंवा युझू कोशो ही युझू फळाची साल आणि हिरव्या मिरचीची खारट पेस्ट दिसली तर नक्की घ्या, नखाएवढीच, खूप खारट असते. मीट वाटीत टाकायच्या आधी भांड्यावर क्षणभर निथळू द्या, नाहीतर सॉस पाणचट होतो. झालाच तर नवीन वाटी घ्या, पाणचट सॉसमधे खात बसू नका.

सुकियाकीच्या खणात मीट जरा जास्त वेळ राहिलं तरी चालतं. रस आटून फार गोड-खारट झाला की थोडी दाशी किंवा पाणी मागून घ्या. कच्चं अंडं बघून आपण बिचकतो, पण जपानमधल्या अंड्यावरची तारीख कच्चं खाण्यासाठीच धरलेली असते, तिथे हे रोजचं आहे. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांना द्यायचं असेल तर टाळा, बाकी ज्याची त्याची मर्जी, अंड्याशिवायही छान लागते.

शेवट, म्हणजे शिमे

अलार्म वाजला की मीटची ऑर्डर बंद करा आणि शिमे मागवा. लास्ट ऑर्डर एकदाच असते, तेव्हा भात, अंडं, नूडल्स, डेझर्ट सगळं त्यातच सांगून टाका.

भांड्यातलं सगळं काढून खाऊन घ्या, फेस एकदा शेवटचा काढा, आता नुसती दाशी राहिली पाहिजे. कोंबू दाशीत झोसुई करा. शिजलेला भात घाला (भात आधी पाण्यात हलकासा धुतला तर दाशी गढूळ होत नाही), पाच मिनिटं बारीक आचेवर ठेवा, थोडं मीठ किंवा सोया सॉस, मग फेटलेलं अंडं गोल फिरवत सोडा, आच बंद, झाकण असेल तर झाकण, अर्धा मिनिट थांबा आणि वरून नेगी. आपल्या गुरगुट्या भातासारखा मऊ होतो आणि आजारी माणसालाही आवडेल असा लागतो, वर थोडा पोन्झू टाकून बघा. सुकियाकीच्या रसात उदोन घाला, तिखटात रामेन, टोमॅटोत भात आणि चीज. सगळे प्रकार करायला जाऊ नका, पोटात जागा एकाचीच असते, मी दर वेळी झोसुईच निवडते.

त्यानंतर आइसक्रीम, गरम चहा, आणि वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी उठा, बाहेर लोक वाट बघत असतात.

बिल टेबलावरच ठेवलेलं असतं, ते घेऊन दरवाज्याजवळच्या काउंटरवर जायचं. टिप द्यायची नाही, ठेवलीत तर ते पैसे घेऊन मागे धावत येतात. बसून खाल्लं तर टॅक्स १० टक्के, दाखवलेल्या किमतीत तो धरलाय का ते मेनूवर बघून ठेवा, दोन आकडे छापलेले असतील तर मोठा आकडा टॅक्ससकट. वेगवेगळे पैसे द्यायचे असतील तर 'बेत्सु-बेत्सु दे', पण गर्दीच्या वेळी एकाने भरून नंतर आपापसात वाटून घेतलेलं बरं. निघताना 'गोचिसोसामा देशिता' म्हणा, आणि घरी गेल्यावर कोट कपाटात न ठेवता रात्रभर बाल्कनीत टांगा.